उच्च माध्यमिक वर्गांतील संगणकशास्त्र : एका शोधरीतीच्या अनुरोधाने

महाराष्ट्रात दहावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एक निवड येऊन उभी राहते, आणि तिचा विचार बहुधा प्रवेशाच्या धांदलीतच उरकला जातो. संगणकशास्त्र हा विषय राज्याच्या उच्च माध्यमिक परीक्षेत 'द्विलक्षी' विषय म्हणून दीर्घकाळ चालत आलेला आहे. त्याला २०० गुण असतात; आणि हे गुण उपलब्ध व्हावेत म्हणून विद्यार्थ्याने दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांवर पाणी सोडावयाचे असते. हा ऐच्छिक विषय बहुतेक वेळा जीवशास्त्र असतो आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या बाबतीत दुसरी भाषा म्हणजे बहुधा मराठीच असते. जीवशास्त्र सुटल्याने वैद्यकाची वाट सहसा सुटते, हे पालकांना ठाऊक असते. मराठीचा पद्धतशीर अभ्यास सोळाव्या वर्षीच थांबतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या मनात येत नाही.

या मोबदल्यात विद्यार्थ्याच्या पदरी काय पडते, असा प्रश्न विचारला तर सामान्यतः मिळणारे उत्तर गुणांचे असते. दोनशेपैकी निम्मे गुण प्रात्यक्षिकाला असल्यामुळे एकूण टक्केवारी वर जाते, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा असो वा नसो, अभियांत्रिकीच्या सामाईक प्रवेश परीक्षेत प्रश्न विचारले जातात ते पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि गणित यांवर, संगणकशास्त्रावर नाहीत. यास्तव परिणाम असा होतो की, विद्यार्थी विषय घेतो गुणांसाठी, वेळ देतो प्रवेश परीक्षेला, आणि संगणकशास्त्र परीक्षेच्या आधीच्या महिन्यात पाठ करतो. असा विद्यार्थी विद्यापीठात प्रथम वर्षाला येतो तेव्हा त्याला व्याख्या येतात, आज्ञावलीचे ठराविक साचे येतात. पण एखादी आज्ञावली चुकीची का आहे हे विचारले की तो गप्प होतो.

या विषयात शिकण्याजोगे काही आहे काय? आमच्या मते पुष्कळ आहे, आणि ते आहे त्याच अभ्यासक्रमात दडलेले आहे. मात्र संपूर्ण अभ्यासक्रमाचे मूल्यमापन करू गेल्यास विवेचन पसरट होईल. म्हणून प्रस्तुत लेखात त्यातील एकच घटक घेऊन तो सर्व बाजूंनी पाहावयाचे योजिले आहे. हा घटक म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत एखादी नोंद शोधून काढण्याची रीत. विद्यार्थी तिला 'बायनरी सर्च' म्हणतात; आपण तिला द्विभाजन-शोध म्हणू.

प्रथम अभ्यासक्रमाची रूपरेषा थोडक्यात सांगितली पाहिजे. राज्य मंडळाच्या या विषयाच्या दोन पत्रिका. पहिल्या पत्रिकेत ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस ही भाषा आणि एचटीएमएल हे प्रमुख भाग येतात. दुसऱ्या पत्रिकेत ८०८५ या सूक्ष्मप्रक्रियकाची रचना व आज्ञा, एक्स-८६ कुळातील पुढील प्रक्रियक, मायक्रोकंट्रोलर आणि संगणकांचे जाळे हे विषय येतात. केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमात याहून निराळी मांडणी आहे. तेथे पूर्वी सी प्लस प्लस होती. २०१८ ते २०२० या काळात तिची जागा क्रमाक्रमाने पायथनने घेतली, आणि तिच्या जोडीला माहितीसाठ्यांची एसक्यूएल ही भाषा आहे. ७० गुण लेखी व ३० प्रात्यक्षिक अशी तेथील विभागणी.

शाळेत संगणक शिकवावयाचा म्हणजे नेमके काय शिकवावयाचे, हा वाद आपल्याकडचाच आहे असे नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा शालेय संगणक प्रकल्प सुरू केला तेव्हा त्यासाठी निवडलेले यंत्र इंग्लंडमधून आलेले 'बी.बी.सी. मायक्रो' हे होते. १९८१ च्या अखेरीस बाजारात आलेले हे यंत्र चालू केले की पडद्यावर बेसिक भाषेची आज्ञा देण्याची जागाच समोर येत असे. यंत्राला काही सांगावयाचे तर आज्ञा लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे यंत्रे सोयीची झाली, तयार आज्ञावल्या आल्या, आणि खुद्द इंग्लंडातील शाळांत या विषयाचे रूपांतर टंकलेखन, तक्ते आणि सादरीकरणाच्या चित्रफिती यांच्या शिक्षणात झाले. जानेवारी २०१२ मध्ये तेथील रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या अहवालात या अवस्थेवर कठोर टीका करण्यात आली. संगणक वापरण्याचे कौशल्य आणि संगणकाचे शास्त्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडात नवा अभ्यासक्रम आला, आणि माहितीतंत्राचा ए-लेव्हल विषय पुढे बंद झाला. संगणकशास्त्राच्या ए-लेव्हलमध्ये आज सतरा वर्षांच्या मुलांना ट्युरिंगच्या यंत्राची कल्पना शिकविली जाते, आणि कोणतीही आज्ञावली थांबेल की नाही हे दुसऱ्या आज्ञावलीकडून निरपवादपणे ठरविता येणार नाही, हा सिद्धांतही सांगितला जातो. या सुधारणेलाही किंमत पडलीच : नव्या विषयाकडे वळणाऱ्या मुलींचे प्रमाण फार कमी राहिले, ही गोष्ट त्याच सोसायटीच्या २०१७ मधील अहवालात नमूद आहे. तात्पर्याने पाहता, शास्त्र शिकवावे हे सर्वांना मान्य होते. अडचण येते ती शास्त्र कोठे आहे हे ओळखण्यात.

आता मूळ घटकाकडे वळू.

शब्दकोशात शब्द पाहताना आपण पहिल्या पानापासून आरंभ करीत नाही. अंदाजाने मध्यावर कोश उघडतो. हवा असलेला शब्द उघडलेल्या पानाच्या अलीकडचा की पलीकडचा हे पाहतो. आणि अर्धा कोश बाजूला सारून उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच करतो. द्विभाजन-शोध ही याच कृतीची काटेकोर आवृत्ती होय. यादीचा आरंभ व शेवट दाखविणारे दोन क्रमांक घ्यावयाचे. त्यांना 'खालची सीमा' व 'वरची सीमा' म्हणू. दोहोंची बेरीज करून तिची निमपट केली म्हणजे मधला क्रमांक मिळतो. मधली नोंद हवी तीच असेल तर काम झाले. हवी असलेली नोंद तिच्याहून मोठी असेल तर खालची सीमा मधल्या क्रमांकाच्या एक पुढे आणावयाची, लहान असेल तर वरची सीमा एक मागे न्यावयाची. खालची सीमा वरचीच्या पलीकडे गेली की नोंद यादीत नाही असे ठरते.

या रीतीचे सामर्थ्य किती आहे ते आकड्यांवरून कळेल. १,००० नोंदींची यादी एकेक करून पाहावयाची तर वाईटात वाईट प्रसंगी १,००० तुलना कराव्या लागतील. द्विभाजनाने १० पुरतात. राज्यात बारावीच्या परीक्षेस बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी १० लाखांहून बरीच अधिक असते. ती यादी क्रमाने लावलेली असेल तर २१ तुलनांत कोणताही आसनक्रमांक सापडतो, कारण २१ वेळा निमपट केल्यावर २० लाख ९७ हजारांपर्यंतची यादी संपून जाते. यादी दुप्पट झाली तर श्रम दुप्पट होत नाहीत, एका तुलनेने वाढतात. लॉगरिथम गणिताच्या तासाला शिकलेल्या विद्यार्थ्याला ते येथे कामास आलेले दिसते. पण गणिताचा व संगणकाचा शिक्षक एकमेकांशी बोलत असतील तरच.

ही झाली ओळख. परीक्षेतील नेहमीचा प्रश्न येथेच थांबतो : रीत लिहा आणि उदाहरणाने स्पष्ट करा. विद्यार्थी सात संख्या घेतो, त्या रीतीत घालून दाखवितो, आणि पूर्ण गुण मिळवितो. वस्तुतः खरा अभ्यास येथून पुढे सुरू होतो.

या रीतीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तिची पहिली मांडणी अमेरिकेत जॉन मॉक्ली यांनी १९४६ मध्ये केली असे मानले जाते. इतकी साधी रीत. परंतु कोणत्याही लांबीच्या यादीस अचूक लागू पडेल अशी तिची आवृत्ती छापून येण्यास आणखी सुमारे दीड दशक जावे लागले. पुढे १९८० च्या दशकात बेल प्रयोगशाळेतील जॉन बेंटली यांनी धंदेवाईक आज्ञावलीकारांच्या वर्गांत हीच रीत लिहावयास दिली. वेळ भरपूर होता, तरी बहुसंख्यांच्या लेखनात दोष निघाले. ही माणसे अडाणी नव्हती. दोष होते ते सीमांवर : मधला क्रमांक 'एक पुढे' न नेता तोच खालची सीमा म्हणून ठेवला, तर शेवटच्या दोन नोंदी उरल्यावर यंत्र त्याच जागी फिरत राहते. खालची सीमा ३ व वरची ४ असेल तर मध्य ३ च येतो, खालची सीमा पुन्हा ३ च होते, आणि ही परिक्रमा कधी संपत नाही. उलट, दोन्ही सीमा एकत्र आल्याबरोबर शोध थांबविला तर एकच नोंद पाहावयाची राहून जाते, आणि नेमकी तीच हवी असू शकते.

सात संख्यांच्या उदाहरणात हे दोष दिसतीलच असे नाही. ते दिसावयाचे तर विद्यार्थ्याने रिकामी यादी, एकाच नोंदीची यादी, दोन नोंदींची यादी, पहिली नोंद, शेवटची नोंद आणि यादीत नसलेली नोंद, असे प्रसंग स्वतः कल्पून कागदावर ओळीओळीने चालवून पाहिले पाहिजेत. याला वर्गात 'ड्राय रन' म्हणतात. आमच्या मते उच्च माध्यमिक वर्गांतील संगणकशास्त्राचा गाभा जर कोठे असेल तर तो या कागदावरच्या कामात आहे. आपण लिहिलेले विधान कोणत्या प्रसंगी खोटे ठरेल याचा आधी विचार करण्याची सवय भूमिती लावते. तीच येथे लागते, फरक एवढाच की येथे यंत्र लगेच साक्ष देते.

परंतु गोष्ट येथेही संपत नाही. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉख या संगणकतज्ज्ञाने जाहीर केले की, जावा या भाषेच्या प्रमाणित संग्रहात त्याने स्वतः लिहिलेल्या द्विभाजन-शोधात एक दोष असून तो सुमारे नऊ वर्षे कोणाच्या लक्षात आलेला नव्हता. हा ब्लॉख कार्नेगी मेलन विद्यापीठात बेंटलींच्या व्याख्यानाला बसलेला, आणि त्याने आधाराला घेतलेली आवृत्ती बेंटलींच्याच पुस्तकातील होती. तीत हाच दोष होता. दोष होता तो सर्वांत निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळीत : दोन सीमांची बेरीज करून निमपट करणे.

हा दोष समजण्यासाठी परदेशी ग्रंथसंग्रहापर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्याकडील अनेक शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या टर्बो सी प्लस प्लसमध्ये तो प्रत्यक्ष पाहता येतो. १९९० च्या सुमाराच्या या साधनात साधी पूर्णांक संख्या १६ बिटांत साठविली जाते. सोळा बिटांच्या एकूण ६५,५३६ मांडण्या होतात; त्यांपैकी निम्म्या ऋण संख्यांना दिल्या म्हणजे −३२,७६८ ते ३२,७६७ एवढाच पल्ला उरतो. ३२,७६७ मध्ये १ मिळविला तर उत्तर ३२,७६८ न येता −३२,७६८ येते. गाडीच्या मैल मोजणाऱ्या चक्रावर सर्व नऊ संपून शून्ये यावीत तसे.

आता २०,००० संख्यांची चढत्या क्रमाने लावलेली यादी घेऊ. क्रमांक ० ते १९,९९९. हवी असलेली संख्या यादीच्या शेवटच्या चतुर्थांशात आहे असे समजू. पहिला मध्य ९,९९९ येतो. खालची सीमा १०,००० होते. दुसऱ्या वेळी १०,००० व १९,९९९ यांची बेरीज २९,९९९, मध्य १४,९९९. खालची सीमा १५,००० होते. तिसऱ्या वेळी १५,००० व १९,९९९ यांची बेरीज ३४,९९९ यावयास हवी. ती पल्ल्याबाहेरची आहे. यंत्राजवळ तिच्याऐवजी ३४,९९९ वजा ६५,५३६, म्हणजे −३०,५३७ ही संख्या उरते. तिची निमपट −१५,२६८. यादीतील उणे पंधरा हजारावी नोंद कोणती? यंत्र तक्रार करीत नाही. यादीच्या अलीकडे स्मृतीत जे काही पडलेले असेल ते नोंद समजून वाचते आणि पुढे जाते. उत्तर चुकेल, आज्ञावली अडकेल किंवा क्वचित योगायोगाने बरोबरही येईल. सात संख्यांच्या यादीवर तपासलेली, शिक्षकांनी लाल शाईने बरोबर म्हटलेली आज्ञावली तिसऱ्याच पावलावर कोसळते.

उपाय एका ओळीचा आहे. दोन सीमांची बेरीज न करता, त्यांतील अंतराची निमपट खालच्या सीमेत मिळवावयाची. १९,९९९ वजा १५,००० म्हणजे ४,९९९, निमपट २,४९९, मध्य १७,४९९. बीजगणिताच्या दृष्टीने दोन्ही पदावल्या एकच आहेत, यंत्राच्या दृष्टीने नाहीत. जावामध्ये पूर्णांकाला ३२ बिटे असल्यामुळे हाच अपघात १०७ कोटींहून मोठ्या यादीवरच घडू शकत होता, म्हणून तो इतकी वर्षे झाकून राहिला.

येथे दुसऱ्या पत्रिकेचा विचार केला पाहिजे, कारण तिच्याविषयी कुरकूर फार ऐकू येते. १९७० च्या दशकात निर्माण झालेला ८०८५ हा प्रक्रियक आज कोणाच्या टेबलावर आहे, असे विचारण्यात येते. आक्षेप अगदीच निराधार नाही. पायांचे क्रमांक व संकेतांची नावे पाठ करविण्यात जो वेळ जातो त्याचे समर्थन आम्हांस करता येणार नाही. तथापि या जुन्या यंत्राचा एक गुण असा की ते लहान आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात ते संपूर्ण मावते. त्याच्या रजिस्टरांत ८ बिटांची संख्या राहते, म्हणजे ० ते २५५. त्यात २०० आणि १०० यांची बेरीज केली तर ३०० मावत नाहीत. रजिस्टरात ४४ उरतात आणि 'कॅरी फ्लॅग' नावाच्या एका बिटात १ येतो. हा कॅरी म्हणजे तिसरीतल्या बेरजेतील आपला हातचाच. बेरीज झाल्यावर 'हातचा नसेल तर पुढे उडी घे' अशी आज्ञा लिहून हातचा असल्यास तो मोजून ठेवावयाचा, हे प्रात्यक्षिक या विषयाच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी केलेले असते.

म्हणजे जो विद्यार्थी दुसऱ्या पत्रिकेच्या प्रात्यक्षिकात हातचा सांभाळतो, तोच पहिल्या पत्रिकेच्या प्रात्यक्षिकात हातचा हरवून बसतो, आणि या दोन गोष्टींचा संबंध आहे असे त्याला कोणी सांगत नाही. प्रक्रियकाने निशाण दाखविलेले असते. सी प्लस प्लसमधील साध्या बेरजेत त्या निशाणाकडे पाहण्याची सोय नाही. पुष्कळ ठिकाणी दोन पत्रिका दोन वेगळे अध्यापक शिकवितात, एक इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्श्वभूमीचा आणि दुसरा आज्ञावलीलेखनाच्या. दोन्ही पत्रिका एकाच विषयाच्या आहेत हे गुणपत्रिकेवरून कळते, शिकविण्यावरून कळत नाही. ८०८५ अभ्यासक्रमात ठेवावा की काढावा या चर्चेपेक्षा हा दुवा जोडणे अधिक महत्त्वाचे, असे आम्हांस वाटते.

टर्बो सी प्लस प्लसविषयी मात्र इतकी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. १९९८ मध्ये सी प्लस प्लसची प्रमाणित व्याख्या ठरली. हे साधन त्याआधीचे. त्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याने लिहिलेली पहिलीच ओळ आजचे साधन नाकारते, आणि दोन वर्षांच्या अभ्यासाचे फळ म्हणून त्याच्या मनात अशी समजूत राहते की आपल्याला शिकविले ते सर्वच कालबाह्य होते. भाषेचा बाह्य वेष जुना होतो, द्विभाजनाची रीत होत नाही, हे त्याला तेव्हा कोण सांगणार?

केंद्रीय मंडळाने पायथनकडे वळून हा वेषाचा प्रश्न सोडविला. पायथनमध्ये पूर्णांकाला पल्ल्याची मर्यादा नाही. संख्या वाढेल तशी तिच्यासाठी जागा वाढत जाते. त्यामुळे वर वर्णिलेला अपघात तेथे घडतच नाही. हा लाभ आहे, आणि शिक्षणाच्या दृष्टीने थोडी हानीही आहे, कारण यंत्राची मर्यादा विद्यार्थ्याच्या दृष्टीआड होते. मात्र पायथनमुळे एक नवा दरवाजा उघडला आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनमधील अक्षरमाला युनिकोड पद्धतीची असल्यामुळे मराठी शब्दांची यादी थेट देवनागरीत देता येते. आणि तशी ती दिली की द्विभाजन-शोध पुन्हा एकदा चुकतो.

हे उदाहरण सविस्तर देण्याजोगे आहे. कान, काप, काम, काल, काव, कास, काळ असे सात शब्द घ्यावेत. शाळेत शिकविलेल्या वर्णमालेप्रमाणे ही यादी बिनचूक क्रमाने लावलेली आहे, कारण मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो. या यादीत 'काळ' हा शब्द शोधावयाचा आहे. मधला शब्द 'काल'; 'काळ' त्याच्या पुढचा, म्हणून शोध उजवीकडे जाऊन 'कास' पाहतो. आता 'काळ' हा 'कास' च्या पुढचा की मागचा? मराठी वाचक म्हणेल, पुढचा. पायथन म्हणेल, मागचा. कारण तो अक्षरांची तुलना युनिकोडमधील क्रमांकांनी करतो, आणि त्या तक्त्यात 'ळ' ची जागा 'ल' च्या लगेच नंतर, 'व' च्या आधी आहे. यास्तव शोध डावीकडे जातो. 'काव' पाहतो, तेथेही 'काळ' मागचाच ठरवितो, आणि तीन तुलनांनंतर 'काळ' हा शब्द यादीत नाही असे सांगतो. तो यादीच्या शेवटी बसलेला असतो.

या चुकीत सीमांचा दोष नाही, हातच्याचा नाही, आज्ञावलीची एकही ओळ चुकलेली नाही. चुकले आहे ते गृहीत. यादी क्रमाने लावलेली असावी ही द्विभाजनाची अट प्रत्येक विद्यार्थी पाठ म्हणतो. पण क्रम कोणाचा, हा प्रश्न पाठांतरात नसतो. यादी ज्या नियमाने लावली त्याच नियमाने तुलना केली पाहिजे. मराठीचा क्रम हवा असेल तर प्रत्येक वर्णाला मराठी वर्णमालेतील स्थान देणारा वेगळा नियम लिहावा लागतो. तो लिहू गेल्यावर 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना स्वतंत्र वर्ण मानावयाचे की जोडाक्षरे, अनुस्वार कोठे धरावयाचा, असे प्रश्न उभे राहतात. हे प्रश्न कोशकारांचे आहेत, आणि त्यांची उत्तरे ठरविण्याकरिता भाषा माहीत असावी लागते. मराठी सोडून संगणकशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला हे उदाहरण दिले म्हणजे आपण काय सोडले याची कल्पना त्याला कोणत्याही उपदेशाशिवाय येते. मराठी आणि संगणक यांना परस्परांचे पर्याय म्हणून एकाच रकान्यात बसविणारी योजना सोयीची असेल, पण तिच्यामागे विषयांचा विचार आहे असे म्हणवत नाही.

२०२२ च्या अखेरीपासून, साध्या भाषेत मागणी केली की आज्ञावली लिहून देणारी साधने सर्वांच्या हाती आली आहेत. द्विभाजन-शोध ती क्षणात लिहून देतात, आणि बहुधा बरोबर लिहितात. त्यामुळे आता मुलांनी हे शिकावे कशाला, असा प्रश्न पालक करू लागले आहेत. रीत पाठ करून उतरविण्यापुरतेच शिकणे असेल तर या प्रश्नाला उत्तर नाही. ते काम यंत्र अधिक चांगले करते. मात्र मिळालेली आज्ञावली आपल्या यादीला लागू पडते काय, यादी कोणत्या क्रमाने लावलेली आहे, ती किती मोठी होऊ शकते, हे मागणी करणाऱ्यालाच ठाऊक असते आणि त्यानेच तपासावे लागते. वरील सात शब्दांची यादी साधनाला न दाखविता केवळ 'क्रमाने लावलेल्या यादीत शब्द शोध' एवढेच सांगितले, तर त्याने दिलेले निर्दोष उत्तरही येथे चुकेल.

परीक्षेत बदल करावयाचा तर तो प्रश्नांच्या स्वरूपात करणे सर्वांत सुलभ आहे. रीत लिहावयास सांगण्याऐवजी ती छापून द्यावी, तिच्यातील एक ओळ बिघडवावी, आणि कोणत्या यादीवर ती फसेल हे विचारावे. दोन नोंदींची यादी देऊन प्रत्येक पावलावर सीमांच्या किमती तक्त्यात भरावयास सांगावे. असा प्रश्न तपासणेही कठीण नाही. तक्त्यातील आकडे बरोबर असतात किंवा नसतात. इंग्लंडातील एका परीक्षा मंडळाची ए-लेव्हलची एक पत्रिका संगणकावरच सोडवावयाची असते, आणि एकूण गुणांचा पाचवा हिस्सा विद्यार्थ्याने स्वतः रचलेल्या प्रकल्पाला असतो. आपल्याकडे इतकी यंत्रे सर्वत्र उपलब्ध होणे अवघड, परंतु वरील तक्त्यास यंत्र लागतच नाही.

प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत तर मंडळाच्या परवानगीचीही आवश्यकता नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकाने जर्नलमधील द्विभाजन-शोधाचे पान उघडावे आणि तीनच प्रश्न विचारावेत : यादीत एकही नोंद नसेल तर काय होईल, यादी २०,००० नोंदींची असेल तर काय होईल, आणि यादीत 'काळ' हा शब्द असेल तर तो कोठे ठेवशील. तिसऱ्या प्रश्नाला सर्वांनी एकच उत्तर द्यावे अशी अपेक्षा नाही. 'ल' नंतर म्हणणाऱ्याला का, आणि 'ह' नंतर म्हणणाऱ्यालाही का, एवढे विचारून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. पाच मिनिटांत विद्यार्थ्याची परीक्षा होते, आणि त्याला शिकविणाऱ्यांचीही.